ता सगळा बरोबर आसा, पण गाडी कोण हाकी होतो?

टेरी फॉक्सची गोष्ट तुम्ही कुठे ना कुठे वाचली असणार. एका पायाचा कॅनेडियन मुलगा, कॅन्सरच्या संशोधनासाठी पैसे जमवायला अख्खा देश पळत ओलांडायला निघाला, निम्म्याहून जास्त पळला आणि गेला. व्हॉट्सअॅपवर फिरत असते ती, खाली हात जोडलेले दहा-बारा इमोजी. गोष्ट खरीच मोठी आहे, मी तिला नावं ठेवत नाहीये, पण त्यात एक माणूस कायम फोटोच्या कडेला असतो आणि मला बरेच दिवस त्याच्याबद्दलच लिहायचं होतं. डग अल्वर्ड. टेरीचा शाळेपासूनचा दोस्त. गाडी त्याने चालवली.

हे खूळ माझ्या डोक्यात भरवलं बाबांनी. बाबा एसटीत ड्रायव्हर, आता रिटायर, पण सवय जात नाही, अजून कुणाच्याही गाडीत बसले तरी उजवा पाय ब्रेक दाबत असतो. मी त्यांना यूट्यूबवर टेरीची जुनी क्लिप दाखवत होतो, लांबच लांब हायवे, तो एका पायावर दोन उड्या आणि खोट्या पायावर एक अशा चालीत पळतोय, मागे पोलिसांची गाडी दिवे लावून, मी आपला इंग्रजीचं मराठी करत भारावून सांगतोय. बाबांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "ता सगळा बरोबर आसा, पण गाडी कोण हाकी होतो?"

मग शोधलं. आणि ते इतकं भारी निघालं की त्याच नजरेने मी बाकीचे कॅनडावालेपण वाचत सुटलो, म्हणजे राजकारणी, खेळाडू, गाणारे, सगळेच.

टेरीचा जन्म २८ जुलै १९५८, विनिपेगचा. वडील रोलंड रेल्वेत कामाला. नंतर कुटुंब पश्चिमेला ब्रिटिश कोलंबियात गेलं, पोर्ट कोक्विटलम नावाच्या गावात स्थिरावलं. आठवीत ह्याला बास्केटबॉलच्या टीममध्ये घुसायचं होतं, उंची नाही, खेळ धड येत नाही, सरांनी सांगितलं की बाबा रे तू लांब पल्ल्याच्या धावण्याकडे जा, तर हा ऐकेचना, रोज प्रॅक्टिसला हजर. डग पण त्याच टीममध्ये. बारावीपर्यंत पोचेस्तोवर शाळेतला वर्षाचा सर्वोत्तम खेळाडू हा मान दोघांना मिळून मिळाला. म्हणजे डग काही 'मित्राला मदत' टाइप साधा माणूस नव्हता, स्वतः चांगला धावपटू होता. ज्याला स्वतःला पळता येतं त्याने स्टिअरिंग धरून बसायचं, हे जरा डोक्यात ठेवा.

१९७७ मध्ये टेरी अठरा वर्षांचा असताना गुडघा दुखायला लागला, हाडाचा कॅन्सर निघाला, उजवा पाय गुडघ्याच्या वरून कापला. ऑपरेशनच्या आदल्या रात्री त्याच्या बास्केटबॉलच्या कोचने एक मासिक आणून दिलं, त्यात डिक ट्रॉम नावाच्या माणसाबद्दल लेख होता, एक पाय नसताना न्यूयॉर्क मॅरेथॉन पळालेला. पुढे केमोथेरपी, वॉर्डातली इतर मुलं, त्यातली काही घरी गेली नाहीत, ते सगळं बघून ह्याच्या मनात ते धावणं पक्कं झालं. मध्ये व्हीलचेअर बास्केटबॉल खेळला, तिथे ह्याला बोलावणारा रिक हॅन्सन, जो नंतर १९८५ ते ८७ व्हीलचेअरवरून ४०,००० किलोमीटर जगभर फिरला. त्याच्यावर वेगळी पोस्ट होईल, आज नको.

१२ एप्रिल १९८०. पूर्वेच्या टोकाला न्यूफाउंडलंडमधलं सेंट जॉन्स बंदर. टेरीने अटलांटिकच्या पाण्यात आपला खोटा पाय बुडवला, पाणी दोन बाटल्यांत भरून घेतलं, एक आठवण म्हणून ठेवायची आणि एक दुसऱ्या टोकाला, व्हिक्टोरियाला, पॅसिफिकमध्ये ओतायची. आपल्याकडे कोण असं करेल तर म्हातारी माणसं लगेच समजून घेतील, दर्याकडून निघताना दर्याला सांगून निघायचं असतं. फोर्ड कंपनीने व्हॅन दिली होती, पेट्रोल एका तेल कंपनीचं, बूट आदिदासचे. आणि व्हॅनमध्ये ड्रायव्हर, स्वयंपाकी, मॅनेजर, हिशेबनीस, सगळं एकच, डग.

पद्धत अशी होती. डग व्हॅन घेऊन एक मैल पुढे जायचा आणि थांबायचा. टेरी पळत व्हॅनपर्यंत यायचा, पाणी प्यायचा, पुढे निघायचा. डग परत गाडी चालू करून एक मैल पुढे. परत थांबायचं. रोज साधारण एका मॅरेथॉनएवढं अंतर गाठायचं लक्ष्य, म्हणजे सव्वीस वेळा गाडी बंद, सव्वीस वेळा चालू. पहाटे अंधारात सुरुवात. न्यूफाउंडलंडात एप्रिलमध्ये बर्फ, वारा, गारा. डगला आरशातून मागे दिसायचं काय, तर रक्ताळलेला पाय घेऊन मित्र येतोय, आणि डॉक्टरला दाखवूया म्हटलं तर ओरडतो.

मी हे सांगितलं तेव्हा बाबा थोडा वेळ गप्प होते. मग म्हणाले, "मैलभर फुडे जावन रवाचा आणि वाट बघूची. दिवसभर. ह्या धावण्यापेक्षा कठीण आसा."

आणि दोघं भांडले, मस्तपैकी भांडले. नोव्हा स्कोशिया येईपर्यंत बोलणं जवळजवळ बंद. टेरी हट्टी आणि तापट, डग अबोल, आतल्या आत धुमसणारा. शेवटी टेरीचे आईवडील विमानाने हॅलिफॅक्सला आले समेट घडवायला, आणि मग धाकटा भाऊ डॅरेल, १७ वर्षांचा, त्याला शाळा संपता संपता पुढे न्यू ब्रन्सविकमध्ये गाडीत आणून बसवला, कशाला तर दोघांच्या मध्ये बसायला. ह्या इमोजीवाल्या मेसेजमध्ये हे भांडण कधी येत नाही बघा. मला तर त्या भांडणामुळेच ही गोष्ट खरी वाटायला लागली. बाबांचं मत, "भांडणार नाय तर काय करतले? दोन पोरां, एक गाडी, आणि रस्तो काय संपणा नाय."

पैशाचं सुरुवातीला काही खरं नव्हतं. लोकांना माहीतच नाही हा कोण. मग न्यूफाउंडलंडच्याच दुसऱ्या टोकाला पोर्ट ओ बास्क नावाचं बंदराचं गाव आलं, वस्ती दहा हजारांची, आणि त्या गावाने दहा हजार डॉलरच्या वर जमवून दिले. माणशी एक डॉलर. तिथून टेरीच्या डोक्यात आकडा बसला, कॅनडाची लोकसंख्या तेव्हा २ कोटी ४० लाख, तर प्रत्येकी एक डॉलर. क्वेबेकमध्ये परत हाल, ह्यांना फ्रेंच येत नाही, तिथे ह्यांची कोणाला खबर नाही, ट्रकवाले हॉर्न मारून रस्त्याबाहेर काढतायत. ऑन्टारिओत शिरले आणि एकदम चित्र पालटलं, बँड, गर्दी, टोरँटोत चौकात दहा हजार माणूस. फोर सीझन्स हॉटेलवाले इसाडोर शार्प, ज्यांचा तरुण मुलगा कॅन्सरनेच गेला होता, ते मागे उभे राहिले.

१ सप्टेंबर १९८०, थंडर बे शहराच्या जवळ. खोकला आणि छातीत दुखणं. रस्त्याच्या कडेला लोक उभे, टाळ्या वाजवतायत, अजून जाशील म्हणतायत, आणि हा त्यांच्यासमोर थांबू शकत नाही म्हणून पळत राहिला, माणसं संपेपर्यंत पळला. मग व्हॅनमध्ये चढला आणि डगला म्हणाला, हॉस्पिटलला घे. १४३ दिवस, ५,३७३ किलोमीटर, आणि त्यानंतरचे जे काही थोडे किलोमीटर असतील हॉस्पिटलपर्यंतचे, ते डगचे. त्याबद्दल मी सारखा विचार करतो. पाच महिने मैलमैल पुढे जाऊन थांबलेला माणूस, आणि आज पहिल्यांदा न थांबता गाडी मारायची आहे.

कॅन्सर फुप्फुसात गेला होता. २८ जून १९८१ ला टेरी गेला, २३ पूर्ण व्हायला एक महिना बाकी. त्याआधी फेब्रुवारीत २ कोटी ४१ लाख डॉलर जमल्याचं त्याने बघितलं होतं, माणशी एक डॉलर खरंच झाला. शार्पनी त्याला हॉस्पिटलात असतानाच शब्द दिला होता की दरवर्षी तुझ्या नावाने धावणं होईल, पहिलं झालं १३ सप्टेंबर १९८१ ला, तीन लाख लोक आले. आजवर जमलेले पैसे ८० कोटी कॅनेडियन डॉलरच्या वर गेलेत. २००५ मध्ये त्यांच्या एक डॉलरच्या नाण्यावर टेरी आला. माणशी एक डॉलर मागणारा डॉलरवरच, हे कोणाला सुचलं त्याला मानलं.

आता थोडं विषयांतर, पण विषयांतर नाही.

बाबा मालवण–मुंबई रातराणी चालवायचे, कोकण रेल्वे नव्हती तेव्हापासून. कणकवली, हातखंबा, चिपळूण, कशेडी घाट, महाड, पनवेल, रात्रभर. त्या गाडीत टाटाला जाणारे पेशंट असायचे. आमच्याकडे 'टाटाला नेला' एवढंच म्हणतात, पुढचं कोणी विचारत नाही, सगळ्यांना कळतं. मी लहानपणी एक-दोनदा बाबांच्या गाडीने गेलोय तेव्हाचं डोळ्यासमोर आहे, पुढच्या सीटवर, ड्रायव्हरच्या मागे, एक बाई शालीत गुंडाळलेली, मांडीवर एक्स-रेचं मोठं पाकीट, त्यावर प्लॅस्टिकची पिशवी गुंडाळून रबर लावलेला, आणि नवरा ते पाकीट वाकू नये म्हणून रात्रभर हाताने धरून बसलेला. मागच्या चाकावर धक्के जास्त बसतात, म्हणून बाबा कंडक्टरला सांगून अशांना पुढे बसवायचे. घाटात गिअर टाकताना हळू. मध्येच उलटीसाठी गाडी बाजूला. मागचे पॅसेंजर कुरकुर करायचे, लेट होतंय म्हणून. बाबा उत्तर द्यायचे नाहीत, आरशात बघायचे फक्त. परतीच्या गाडीला कधी ती माणसं दिसायची, कधी एकटा नवरा दिसायचा पाकीट घेऊन.

त्यामुळे बाबांचा प्रश्न गमतीचा नव्हता, एवढंच सांगायचं होतं.

तर पुढचा माणूस. टॉमी डग्लस. टेरी विनिपेगमध्ये जन्मला म्हटलं ना, त्याच विनिपेगमध्ये साधारण पन्नास वर्षं आधी अजून एका पोराचा उजवा पाय कापायची वेळ आली होती. डग्लस मूळ स्कॉटलंडचा, १९०४ चा जन्म, लहानपणी गुडघ्याला लागलं आणि हाडात पू झाला, कुटुंब कॅनडात आलं तोवर पाय कामातून गेलेला. घरात पैसा नाही. डॉक्टर म्हणाले, कापायचा. तेवढ्यात एका नावाजलेल्या हाडाच्या सर्जनची नजर पडली आणि तो म्हणाला, मी फुकट करतो, अट एकच, माझे विद्यार्थी उभे राहून बघतील. आईबाप हो म्हणाले, पाय वाचला. आणि कसा वाचला तर १९२२ मध्ये हाच मुलगा त्याच पायांवर नाचत मॅनिटोबा प्रांताचा लाइटवेट बॉक्सिंग चॅम्पियन झाला.

दुसरा कोणी असता तर डॉक्टरांच्या रूपाने देव भेटला म्हणून मोकळा झाला असता. डग्लसला आयुष्यभर उलटंच टोचत राहिलं, की शिकवायला केस हवी होती म्हणून माझा पाय वाचला, शेजारच्या वॉर्डातल्या पोराचा नसता वाचला, हे नशिबावर का सोडायचं. छापखान्यात काम केलं, मग पाद्री झाला, १९३० मध्ये सस्कॅचवान प्रांतातल्या वेबर्न गावात चर्च मिळालं. दुष्काळ, मंदी, शेतकरी भिकेला लागलेले, वेळेवर डॉक्टर मिळाला नाही म्हणून गेलेल्या तरण्या माणसांचे अंत्यविधी त्याने केले. तिथून राजकारणात. १९४४ मध्ये प्रांताचा प्रीमियर, म्हणजे आपल्या भाषेत मुख्यमंत्री, सतरा वर्षं. १९४७ ला हॉस्पिटलचा खर्च सरकारी विम्यात आणला, आणि मग डॉक्टरच्या फीसुद्धा त्यात आणायच्या तयारीला लागला.

माझं मालवणात झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान आहे हे जुन्या वाचकांना माहितीये. माझ्या काउंटरवर आठवड्यातून कोणीतरी येतंच, हातात फाइल, रेशन कार्ड, आधार, आणि पहिला प्रश्न, "योजनेत बसता काय ओ?" म्हणजे आजार योजनेत बसतो का, हॉस्पिटल योजनेत बसतं का, आणि कार्डावरचं नाव आणि आधारवरचं नाव जुळतं का. एक काका आले होते, रेशन कार्डावर वडिलांच्या नावात एक वेलांटी चुकलेली, तेवढ्यासाठी परत तहसीलला चक्कर, आणि बायकोला गोव्यात बांबोळीच्या सरकारी हॉस्पिटलात अॅडमिट करून आलेले. त्यांनी मला चिडून काही म्हटलं नाही, उलट झेरॉक्सचे पैसे किती झाले एवढंच विचारलं. डग्लसबद्दल वाचताना मला हे काका दिसत होते, त्याला काय करणार.

पण माझा माणूस डग्लस नाही. माझा माणूस वुड्रो लॉइड.

झालं असं, नोव्हेंबर १९६१ मध्ये डग्लस राष्ट्रीय पातळीवर नव्या पक्षाचा नेता म्हणून निघून गेला. योजना कागदावर तयार, लागू व्हायची बाकी. खुर्चीवर आला लॉइड, मूळचा शाळामास्तर, कित्येक वर्षं शिक्षणमंत्री, भाषणात डग्लससारखी जादू नाही, विनोद नाही. ऐन घाटात स्टिअरिंग दुसऱ्याच्या हातात द्यावं तसं. १ जुलै १९६२ ला योजना सुरू झाली आणि त्याच दिवशी प्रांतातले बहुतेक डॉक्टर संपावर गेले. २३ दिवस. दवाखाने बंद, आया पोरं घेऊन घाबरलेल्या, वर्तमानपत्रं तुटून पडलेली, आमचे डॉक्टर वाचवा म्हणून समित्या निघालेल्या, राजधानी रेजायनाला मोठा मोर्चा. सरकारने ब्रिटनमधून डॉक्टर विमानाने आणले. आणि लॉइड हलला नाही. शेवटी २३ जुलैला सस्कॅटूनमध्ये समझोता झाला, डॉक्टरांना थोडी सूट, पण योजना राहिली. चार वर्षांत केंद्राने त्याच धर्तीवर देशभरासाठी कायदा केला आणि आज कॅनडावाले जी आरोग्यसेवा मिरवतात तिची सुरुवात ही.

लॉइडला काय मिळालं? १९६४ ला निवडणूक हरला. २००४ मध्ये तिकडच्या सरकारी टीव्हीने सर्वात थोर कॅनेडियन कोण म्हणून लोकांची मतं घेतली, पहिला डग्लस, दुसरा टेरी फॉक्स. विनिपेगचे दोन पाय, एक वाचलेला आणि एक गेलेला, पहिल्या दोन नंबरांवर. बाबांना लॉइडचं सांगितलं तर म्हणाले, "हार एकाक आणि गाळी दुसऱ्याक, ह्या आमच्या डेपोतपण असाच होता."

एक गोष्ट मात्र डग्लसभक्त सांगत नाहीत ती सांगून टाकतो. १९३३ च्या त्याच्या एमएच्या प्रबंधात त्याने 'मतिमंद' लोकांची नसबंदी वगैरे करावी असलं लिहून ठेवलंय, तेव्हा ते फॅड जगभर होतं म्हणा. सत्तेत आल्यावर त्याने तो रस्ता धरला नाही, हे खरं, पण लिहिलं होतं हेही खरं. मला असली माणसं पुसून-घासून चकचकीत केलेली आवडत नाहीत.

खेळाडू म्हटलं तर कॅनडात शेवटी ग्रेट्स्की येणारच, वेन ग्रेट्स्की, आइस हॉकी, ९९ नंबर, एनएचएल म्हणजे तिकडच्या मोठ्या हॉकी लीगमध्ये ८९४ गोल, तो विक्रम थेट २०२५ च्या एप्रिलमध्ये रशियन ओव्हेच्किनने मोडला. मला हॉकीतलं ओ की ठो कळत नाही, त्यामुळे पटकन आटपतो. त्याचे वडील वॉल्टर टेलिफोन कंपनीत कामाला, ब्रँटफर्ड गावात. थंडीत परसात पाणी मारून ठेवायचे, रात्रीत गोठून बर्फाचं मैदान तयार, पोरगं दिवसभर त्यावर. लोक म्हणायचे केवढा त्याग, केवढी दूरदृष्टी. वॉल्टर स्वतः सांगायचे की तसं काही नाही हो, ह्याला बागेतल्या रिंगणावर नेऊन तासनतास थंडीत कुडकुडत बसायचा मला कंटाळा आला, घरीच केलं की स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघता येतं. मला हा माणूस एकदम आवडला. आमच्याकडे भात कापून झालं की मळ्यात क्रिकेटची पीच करणारे बाप आहेत ते पण विचारलं तर असंच काहीतरी सांगतील, पोरां घराकडे दिसतत ना, बरा मगे.

आता शेवटचा, आणि ह्याचा धागा थेट आपल्या मालवण तालुक्यात येतो, म्हणून मुद्दाम शेवटी ठेवला.

लेनर्ड कोहेन. मॉन्ट्रियलचा, १९३४ चा जन्म, कपड्यांचा धंदा असलेलं सधन ज्यू घर, आधी कवी म्हणून नाव, मग तिशी उलटल्यावर गायक. 'हालेलुया' हे त्याचं गाणं तुम्ही ऐकलं असेलच, बहुतेक दुसऱ्या कोणाच्या आवाजात. १९८४ चा तो अल्बम अमेरिकेत काढायलाच त्याच्या कंपनीने नकार दिला होता. तर हा माणूस आयुष्यभर डिप्रेशनने गांजलेला. दारू, औषधं, सगळं झालं. १९९४ च्या सुमारास लॉस एंजेलिसजवळच्या माउंट बाल्डी डोंगरावर झेन बौद्ध मठात जाऊन राहिला, पाच वर्षं, १९९६ ला रीतसर भिक्षू झाला. तिथे काय करायचा माहितीये? त्याचे जपानी गुरू जोशू सासाकी, त्यांचा स्वयंपाक आणि त्यांची गाडी चालवणं. जगप्रसिद्ध गायक, आणि ड्रायव्हर! ह्यावर बाबा पहिल्यांदा खूश झाले. (ह्या गुरूंवर नंतर, त्यांच्या अगदी म्हातारपणी, शिष्यांकडून लैंगिक गैरवर्तनाचे गंभीर आरोप झाले. तेही लिहायलाच हवं.)

पण डिप्रेशन काही हटेना. १९९९ च्या सुरुवातीला कोहेन डोंगर उतरला आणि आला कुठे, तर मुंबईला. रमेश बाळसेकरांच्या घरी सकाळी चर्चा चालायची, तिथे येऊन बसायचा, नंतरही काही वर्षं येत राहिला. बाळसेकर बँक ऑफ इंडियाचे निवृत्त सर्वोच्च अधिकारी, रिटायर झाल्यावर अद्वैताकडे वळलेले. त्यांचं सांगणं थोडक्यात असं की कर्म घडतं, करणारा कोणी नाही. आणि बाळसेकरांचे गुरू कोण? निसर्गदत्त महाराज. म्हणजे मारुती कांबळी. म्हणजे आपल्या कांदळगावचे!

हो, तेच कांदळगाव, जिथला देव रामेश्वर सिंधुदुर्ग किल्ल्यावर शिवाजी महाराजांच्या भेटीला जातो. मारुती जन्मले मुंबईत, १८९७ च्या हनुमान जयंतीला, म्हणून ते नाव, पण वाढले कांदळगावात, शेतावर, गुरांमागे. वडील गेल्यावर पोटासाठी मुंबई गाठली, आपल्याकडच्या हजारो पोरांनी गाठली तशी. विड्यांचं दुकान टाकलं. सिद्धरामेश्वर महाराज भेटले, अनुग्रह घेतला. आणि नंतर खेतवाडीतल्या घराच्या पोटमाळ्यावर बसून मराठीत, आपल्या खणखणीत आवाजात, समोरच्याला झोडपत बोलायचे. गोरे लोक विमानाने येऊन तो लाकडी जिना चढून वर जायचे आणि मराठीचं इंग्रजी करून सांगणाऱ्यांत एक हे बाळसेकर. महाराज १९८१ च्या सप्टेंबरमध्ये गेले, घशाच्या कॅन्सरने. शेवटपर्यंत विडी ओढत होते.

कोहेनची आणि त्यांची भेट नाही, काळच जुळत नाही. पण कांदळगावातून निघालेलं बोलणं गिरगावातल्या माळ्यावरून, एका बँकवाल्याच्या तोंडून, मॉन्ट्रियलच्या गायकाच्या कानापर्यंत पोचलं, आणि ह्याचं आयुष्यभराचं डिप्रेशन त्याच सुमारास हळूहळू निघून गेलं. इथे मी 'महाराजांच्या कृपेने' असं लिहू शकलो असतो, लाइक्स पण पडले असते. कोहेन स्वतः काय म्हणायचा, तर कुठेतरी वाचलंय की वय झालं की मेंदूतल्या काळजी करणाऱ्या पेशी मरून जातात, त्यामुळे असेल. आमच्याकडचा कुठलाही म्हातारा असंच कायतरी बोलून पान जुळवायला घेईल.

पुढे २००४ मध्ये कळलं की त्याच्या मॅनेजरबाईने खात्यातले पन्नास लाखांवर डॉलर गायब केलेत. म्हातारपणाची सगळी पुंजी. कोर्टाने निकाल ह्याच्या बाजूने दिला पण पैसे हातात पडले नाहीत. म्हणून २००८ मध्ये वयाच्या ७३ व्या वर्षी हा परत स्टेजवर उभा राहिला, पंधरा वर्षांनी, आणि लोकांनी असं डोक्यावर घेतलं की २०१० पर्यंत थांबलाच नाही, २०१२-१३ मध्ये परत निघाला. ७ नोव्हेंबर २०१६ ला गेला, शेवटचा अल्बम बाहेर पडून तीन आठवडेपण झाले नव्हते.

त्या २००८ नंतरच्या कार्यक्रमांचे व्हिडिओ यूट्यूबवर आहेत, लाईट आणि नेट दोन्ही एकदम असेल तेव्हा बघा. मध्ये मध्ये तो गाणं थांबवून डोक्यावरची हॅट काढतो, छातीशी धरतो आणि एकेका वादकाकडे वळून नाव घेतो, नुसतं नाव नाही, दोन शब्द बोलतो प्रत्येकाबद्दल, आणि समोरचा वाजवत असेल तर तो वाजवून होईपर्यंत तसाच हॅट धरून ऐकत उभा राहतो. गाणं ऐकायला आलोय म्हणून तो भाग पुढे ढकलू नका.